तुळशीपाशी नेलेला फ्लॅश

पुण्यातल्या एका कॅमेऱ्यांच्या दुकानात फ्लॅशची करामत दाखवायला एक पुतळा ठेवला होता. कपड्यांच्या दुकानात असतो तसा, कमरेपासून वरचा आणि पांढराशुभ्र. सेल्समन त्याच्यावर एकामागून एक फ्लॅश मारत होता आणि कॅमेऱ्याचा पडदा माझ्या नवऱ्यासमोर धरत होता. नवरा फक्त गाडी चालवायला आला होता. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्याने दोनदा सांगूनही पाहिलं.

"सर, स्किन बघा, एकदम क्लीन," सेल्समन म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामशेतला स्टेशनाजवळ माझा स्टुडिओ आहे. पंधरा वर्षं मी मावळातल्या लग्नांचे फोटो काढते आहे, आणि हा मनुष्य मला सोडून नवऱ्याला पुतळ्याची कातडी दाखवत होता.

"हा कुणाकडचा पाहुणा?" मी विचारलं.

"काय मॅडम?"

"हा तुमचा पांढरा माणूस. आमच्याकडच्या लग्नांत असा कुणी येत नाही."

राग मी त्याच्यावर काढला खरा, पण तो घरूनच बरोबर घेऊन आले होते. आठवड्यापूर्वी पवनेच्या बाजूच्या एका डोंगरवाडीवरून एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न चार वर्षांपूर्वी मीच काढलं होतं. ड्रोन आहे का, अल्बम केवढा, असलं तिने काही विचारलं नाही. पिशवीतून बहिणीचा अल्बम काढला, एक पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"ताई, ही माजी आई."

दोन्हीकडची माणसं ओळीने उभी होती. नवरदेवाकडचे पांढऱ्या शर्टांत आणि टोप्यांत झगझगत होते. ओळीच्या टोकाला एक हिरवं लुगडं होतं आणि लुगड्याच्या वर काळा डाग. डोळ्यांच्या जागी दोन टिंबं. नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, ते कुणालाही सांगता आलं नसतं. तिने पुढचं पान उलटलं. तिथेही तोच डाग.

"लोकांच्या शेतात भाताच्या आवणीला जाती ती. तिचा धड येक फोटू न्हाई. आधारकार्डावर हाय, त्यो बी असाच. माजा न्हाई आला तरी चालंल, पन हिचा नीट काढाल का?"

"काढीन," मी म्हटलं. आणि ते पान मीच मिटलं. कारण चार वर्षांपूर्वी तो अल्बम न्यायला तिची आईच आली होती. हेच पान उघडून तिने विचारलं होतं, "ही मीच का?" आणि मी काउंटरवर बसून, कानाला फोन तसाच धरून, म्हणाले होते, "मावशी, तुमचा रंगच तसा आहे, त्याला कॅमेरा काय करणार?" ती "व्हय" म्हणाली आणि अल्बम पिशवीत घालून निघून गेली.

धडधडीत खोटं होतं ते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावून मी सरळ तोंडावर मारला होता. जवळच्यांना तो भरपूर मिळाला, टोकाच्या बाईपर्यंत पोचेस्तोवर संपला. उरलंसुरलं कॅमेऱ्याने शर्टांचा पांढरेपणा सांभाळण्यात घालवलं. मांडवाचं कापड गुलाबी, म्हणून सगळ्यांच्या केसांवर गुलाबी झाक. हे सगळं मला तिथल्या तिथे दिसायला हवं होतं. पण नवरदेवाचा मामा "उरका, उरका" करत होता आणि नवरीची आई काहीच बोलत नव्हती, म्हणून मी मामाचं ऐकलं. शिवाय घरी येऊन, कुणी मागितलं नसताना, कॉम्प्युटरवर नवरीला दोन छटा उजळ करून टाकलं. सगळेच करतात. सगळेच करतात याची मला चीड येते, आणि त्या सगळ्यांत मी होते याची त्याहून जास्त.

तर दुकानात. दाराशी वॉचमन उभा होता. कडक पांढरा शर्ट आणि चांगला काळाभोर चेहरा. मी हाक मारली, "भाऊ, दोन मिनिटं येता का? फोटो काढायचाय."

"मॅडम, तो कशाला? मी उभा राहतो ना," सेल्समन म्हणाला. तो गोरा होता.

"तुमचा कुठल्याही फ्लॅशने येईल."

छोटा फ्लॅश कॅमेऱ्यावर लावून पाहिला. शर्ट आला, माणूस गेला. मग एलईडीची लांब दांडी पाहिली. हातात हलकी होती, पण वॉचमनचा चेहरा राखेसारखा झाला. सेल्समनचा जीव सगळ्यात मोठ्या फ्लॅशवर होता. तो उचलायला दोन माणसं लागली असती, आणि आमच्या वाड्यांवर गाडी थांबते तिथून पुढे चढण पायीच चढावी लागते. मग मधला एक काढायला लावला. बॅटरीवरचा, एका हातात मावणारा, आणि पुढे छत्रीसारखी उघडणारी पांढरी कापडी घुमटी. तो मी सेल्समनच्याच हातात दिला आणि वॉचमनच्या बाजूला, हातभर अंतरावर धरायला सांगितला. पॉवर कमी केली.

"मॅडम, कमी नाही, वाढवा. डार्क स्किनला पॉवर जास्त लागते."

"तुम्ही फक्त धरा."

कपाळावर उजेड बसला, गालाच्या हाडावर बसला, नाकाच्या कडेने खाली उतरला. शर्टाच्या इस्त्रीच्या घड्याही दिसल्या. रंग जसा होता तसाच होता, फक्त आता त्यात माणूस दिसत होता. वॉचमन पडद्यावर वाकला आणि हळूच म्हणाला, "हा मला मोबाईलवर मिळेल का?" तिथेच मी तो फ्लॅश घेतला.

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. वाडीवर वारा असा की नवा स्टँड दोनदा आडवा झाला. मी मोठ्याने शिव्या घातल्या, तेव्हा नवरीच्या आत्याने आंबे उतरवायची काठी आणली. काठीच्या टोकाला सुतळीने फ्लॅश बांधला. "म्या धरते. कुटं धरू तेवढं सांगा," आत्या म्हणाली, आणि दुपारभर ती माझ्या पुढेमागे फिरली.

सगळ्यांचे फोटो झाले, आई काही सापडेना. कधी चुलीपाशी, कधी पाण्याच्या पिंपापाशी. उभी राहा म्हटलं की "आलेच" म्हणून जायची ती जायचीच. अंधारून यायला लागलं आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

आमच्याकडे लेकीचं लग्न लागताना आईने ते बघायचं नसतं. ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभी राहते. माझ्या लग्नात माझी आईही तिथेच होती. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी पंधरा वर्षांत एकाही लग्नात मी घराच्या मागे गेले नव्हते. फोटोग्राफरची जागा अंतरपाटापाशी, हेच डोक्यात.

मी व्हिडिओवाल्याला म्हटलं, "अंतरपाट तू सांभाळ."

"ताई, येड लागलं का? नवरी हितं हाय."

"मला माहितीये नवरी कुठे आहे."

"ओ फोटोवाल्या बाई, आत्ता कुटं निघाल्या?" नवरदेवाकडचा कुणीतरी ओरडला. पन्नास मोबाईल वर धरलेले होते, तरी त्याला माझीच कमी पडली. मी बोहल्यावर पाहिलं. नवरीने अंतरपाटाआडून मान हलवली, जा म्हणून.

काठी घेऊन आत्या माझ्या मागोमाग निघाली. मागच्या अंगणात आई एकटी होती. हातात तांब्या. पाण्याची धार अगदी बारीक सोडत होती, शेवटच्या अष्टकापर्यंत पुरावी म्हणून. फ्लॅश उडाला तशी ती दचकली.

"हितं कशाला? तिकडं जा, लगीन लागतंय."

"तुजाच काढायचाय," आत्या काठी सावरत म्हणाली. "तू आपलं पानी घाल."

ती पुन्हा वळली. पुढून "सावधान" ऐकू आलं, वाजंत्री उसळली, आणि तिने तांब्या पूर्ण उपडा केला. तेवढे तीन फोटो मिळाले.

अल्बम न्यायला मायलेकी दोघी आल्या. या खेपेला मी फोन बंद करून ठेवला होता. खरं सांगायचं तर, मी शाबासकीची वाट बघत होते. मुलीने तुळशीपाशीच्या फोटोंचं पान उघडलं आणि तोंडावर पदर धरला. आईने बोट टेकवलं. आधी कपाळावर, मग नाकावर, मग गालावर, जणू सगळं जागच्या जागी आहे ना ते बघत होती. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

"मी तवाबी येवढीच काळी व्हते, ताई."