काळ्या शाईचा डबा

दिग्रसला स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणारा आणि स्वतःही पत्रिका छापणारा तो माणूस प्रत्येक जाळी दाराशी नेऊन उजेडात धरायचा आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी आमच्या बचत गटातल्या विधवांसाठी नवशिक्यांचा संच घ्यायला गेले. त्यानं चौकट, रबरी पट्टी, लाल आणि पिवळी शाई काढली.

"काळी?" मी विचारलं.

"काळी कायले, ताई? लग्नाच्या पत्रिका शिकवा न बायांले."

"लग्नं कुठे आहेत यंदा? तेरवीचंच काम येतं."

"त्या बायाइच्या घरच्या तेरवीच्या पत्रिका मीच छापल्या, ताई."

तरी मी डबा मागितलाच. त्यानं तो कागदात गुंडाळून दिला, आतला रंग दिसणार नाही असा.