तिचाकीचं हँडल

मराठी वाचायला मी पत्रकांवर शिकले. शाळेत इंग्रजी आणि तेलुगू होतं, मराठी फक्त घरात. बाबा चळवळीतले, जामबागच्या एका छापखान्यातून स्वतः लिहिलेल्या पत्रकांचे गठ्ठे आणायचे. एकाच कागदावर वर तेलुगू, मध्ये उर्दू, खाली मराठी. फरशीवर बसून मी घड्या घालायचे, आणि घालता घालता खालचा भाग वाचायचे. सहावीत सहलीला जाऊ देत नव्हते, तेव्हा मी आईला लेखी निवेदन दिलं. शेवटी लिहिलं होतं, 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' आईने ते डाळीच्या डब्याखाली घातलं आणि सहलीला काही पाठवलं नाही. बाबा मात्र दोन दिवस हसत होते.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, वाचाही सावरली, डावा पाय मात्र लुळाच राहिला. घरातल्या घरात काठीवर चालायचे. मोटारसायकल संपली. त्यांचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे रविवार. नारायणगुड्याच्या एका इराणी हॉटेलात त्यांचे चार मित्र दर रविवारी सकाळी बसतात, तरुणपणापासून. मित्र म्हणाले, आम्ही ऑटो घेऊन येतो. मी म्हटलं, मी सोडते. बाबा म्हणाले, "मला कुणी न्यायचं नाही. मला जायचंय."

हा फरक मला तेव्हा कळला होता, असं मला वाटायचं.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या मेळाव्यात अपंगांना तिचाकी स्कूटर वाटणार होते. बाबांचं नाव यादीत आलं. फॉर्म त्यांनी स्वतः भरून दिला होता, मला न सांगता. पत्र आलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचलं. गाडीवर पुढाऱ्याचा फोटो असणार होता आणि स्टेजवर चढून चावी घ्यायची होती.

"तुम्ही ह्यांच्या फोटोमागे बसून फिरणार?" मी विचारलं.

बाबांनी पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "नको तर."

मी त्याच दुपारी नकाराचं पत्र लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यात 'आम्हाला हक्क हवा, भीक नको' असं वाक्य होतं. बाबा म्हणाले, "भीक काढ. जे घेतील त्यांना लागेल ते." मी काढलं नाही. आई आतून म्हणाली, "पाय ह्यांचा आणि बाणा तुझा." मी तेही ऐकलं नाही.

मग आम्ही घरीच गाडी करायची ठरवली. बाबांची जुनी मोटारसायकल होतीच. मलकपेठेत आमच्या दोन गल्ल्या सोडून एका उस्तादांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी भंगारातून मालवाहू तिचाकीचा मागचा अॅक्सल दोन्ही चाकांसकट आणला, मोटारसायकलचं मागचं चाक काढून तो जोडला, गिअर हाताशी आणला, पाठ टेकायला सीट केली. टेप धरायला आणि नटांना पाना लावायला मी. बाबा खुर्ची टाकून बसायचे आणि दर पाच मिनिटांनी सूचना करायचे. उस्ताद म्हणायचे, "साब, आप पर्चे लिखो, गाडी मेरे कू बनाने दो." बाबा खूश असायचे.

गाडी उभी राहिली. बाबा बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि मोठ्या रस्त्याकडे वळण्याआधीच थांबले. मी धावत गेले. त्यांचे दोन्ही हात हँडलवर घट्ट होते आणि हँडल तरीही थरथरत होतं. थोडा वेग घेतला की ते डावीउजवीकडे फडफडायचं, आणि गाडी आपली आपण डावीकडे ओढायची. बाबांच्या कपाळावर घाम होता.

उस्तादांनी टायरची हवा बघितली. चाक फिरवून बघितलं. हँडलखालचं बेअरिंग नवं घातलं. फडफड थोडी कमी झाली, गेली नाही. ते म्हणाले, "चार दिन मेरे पास छोडो. पीछे का पूरा खोल को, धागा बांध को देखना पडता."

इथे मी मध्ये पडले. आमच्या गल्लीपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा तुकडा वर्षानुवर्षं उखडलेला होता. हँडल तिथेच जास्त उडायचं. मी म्हटलं, दोष गाडीचा नाही, रस्त्याचा आहे. ज्या रस्त्यावर धडधाकट माणूस पडतो तिथे तीन चाकं काय करतील? आम्ही गाडी का खोलायची? रस्ता महापालिकेने करावा.

उस्ताद म्हणाले, "बेटी, रोड कू गालियां देको हँडल सीधा नै होता."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे चमकत होते. "पत्रक काढू या," ते म्हणाले.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्यांना तेव्हा गाडीपेक्षा पत्रकच हवं होतं का? की मला हवं होतं म्हणून त्यांना हवंसं झालं? माहीत नाही. ते दोन महिने आमच्या घरातले फार चांगले दिवस होते, हे खरं आहे. बाबांनी तीनही भाषांत मजकूर सांगितला, मी लिहिला. माझी विशेषणं ते खोडायचे, मी त्यांचं 'विनंती' खोडायचे. मी दारोदार जाऊन सह्या घेतल्या. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांनी दोनदा सही केली, एकदा स्वतःची, एकदा गावी गेलेल्या बायकोची. निवेदन देऊन आम्ही कचेरीबाहेर बसलो, बाबा खुर्चीवर, बाकी आम्ही जमिनीवर. आई डबा घेऊन आली, तीही बसली. गाडी त्या दिवसांत अंगणात ताडपत्रीखाली होती. उस्ताद येता-जाता विचारायचे, "कब ला रहे?" मी सांगायचे, "रस्ता झाल्यावर."

रस्ता झाला. खरोखर झाला. काळाकुळकुळीत, काठापर्यंत गुळगुळीत. गल्लीत पेढे वाटले. एवढं आमच्या कुठल्याच पत्रकाने आजवर केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीवर बसले. इस्त्रीवाले काका, उस्ताद, आई, सगळे उभे. बाबांनी वेग घेतला. नव्या रस्त्यावर अडवायला खड्डा नव्हता, त्यामुळे वेग पूर्वीपेक्षा जास्त आला, आणि हँडल पूर्वीपेक्षा जास्त उडालं. गाडी डावीकडे जाऊन कठड्याला घासली. बाबा पडले नाहीत. पण उतरताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही.

उस्ताद गाडी ढकलत दुकानात घेऊन गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी मागच्या चाकांपासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी धागा ताणला आणि मला वाकून बघायला सांगितलं. मागचा अॅक्सल तिरपा बसला होता. डावं चाक उजव्यापेक्षा बोटभर पुढे. म्हणून ओढ. आणि दुसरी गोष्ट पुढे होती. मोटारसायकल वळताना झुकते, तिचाकी झुकत नाही. मोटारसायकलला चालणारी पुढच्या चाकाची जागा तिचाकीला चालत नाही, चाक मागे ओढलं जातं आणि थरथरतं. उस्तादांनी अॅक्सल कापून सरळ जोडला, आणि पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा धरणाऱ्या पट्ट्या नव्या करून चाक दोन बोटं पुढे घेतलं.

त्यांना चार दिवस लागले. बरोबर चार.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी बाबांना दुसरा झटका आला. चहाचा कप उचलताना. या वेळी उजवा हात गेला.

दवाखान्यातून घरी आल्यावर महिन्याभराने बाबाच म्हणाले, "गाडी दाखव." शब्द जड झाले होते, पण एवढं स्पष्ट म्हणाले. उस्तादांनी गाडी दारात आणली. आधी स्वतः चालवून दाखवली, परतताना दोन्ही हात सोडले. गाडी रेषेत आली. मी आणि उस्तादांनी बाबांना उचलून सीटवर बसवलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि अॅक्सिलेटरच्या मुठीवर ठेवला. तो तिथे पडून राहिला. त्यांनी पुन्हा उचलून ठेवला.

"साब, मूठ इधर लेफ्ट में ले लूंगा," उस्ताद घाईघाईने म्हणाले. "दो दिन का काम है. ब्रेक भी इधर कू."

बाबांनी मान हलवली. "नक्को, उस्ताद. बहुत अच्छी बनी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उतरव मला."

मी त्यांना म्हणायला हवं होतं की दोन महिने मी खाल्ले. त्या दोन महिन्यांत तुमचा हात चालत होता, तुम्ही आठ रविवार स्वतः गेला असता. मी म्हटलं नाही. मी त्यांची चप्पल शोधत राहिले, ती समोरच होती.

नंतर एकदा आईने मला स्वयंपाकघरात सांगितलं, "त्यांना ठाऊक होतं गं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, दोष गाडीतच आहे. पण पोरगी एवढी पेटलीय, करू दे."

हे मला सहन होत नाही. त्यांनी मला शिकवलं की चूक दिसली तर बोलायचं, कुणाचीही असो. आणि माझी दिसली तेव्हा ते बोलले नाहीत.

आता रविवारी नारायणगुड्याला मी जाते, त्याच गाडीवर. बाबांनीच सांगितलं होतं, "तू जाऊन ये, काय बोलले ते सांग." चार म्हातारे मला सरकून जागा देतात, राजकारणावर भांडतात, उस्मानिया बिस्किट चहात बुडवून माझ्याकडेही बशी सरकवतात. घरी आल्यावर मी बाबांच्या पलंगाशी बसून कोण काय म्हणालं ते सांगते. पहिले काही आठवडे ते मध्येच थांबवायचे. "तो असं म्हणणार नाही." "मग दुसरा गप्प बसला?" "मी असतो तर..." मग तेही कमी होत गेलं.

गेल्या रविवारी मी आले, खुर्ची ओढून बसले आणि ते विचारतील म्हणून वाट बघितली. बाबा जागे होते. त्यांनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.