काकाच्या लग्नावर घेतलेला सिनेमा

आप्पांचा उजवा कान गेल्या दिवाळीत पूर्ण गेला. डाव्या कानात मशीन आहे, पण तोही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घ्यायची काही गरज नव्हती, वडिलांना तसंही ऐकू गेलं नसतं. पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं असावं. रिक्षानं आम्ही टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटवर आलो. दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "तुझ्या काकाच्या लग्नाची कॅसेट हाय न्हवं? त्यात तुझ्या आईनं माझं नाव घेतल्यालं हाय. तेवढं एकदा मला ऐकीव. ह्यो कान हाय तवर."

मी "बघते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. त्यात साखर घालायची विसरले. आप्पांनी तो तसाच पिऊन टाकला.

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरात तेव्हा मोबाइल नव्हता. आईचे फोटो ढीगभर आहेत, आणि सगळ्यांत ती पोलिसांनी उभी केल्यासारखी उभी आहे. आवाज मात्र कुठेच नाही. जो काही असेल तो त्या एका कॅसेटमध्ये, आणि त्या कॅसेटचं मी काय केलं होतं हे आप्पांना ठाऊक नव्हतं.

आम्ही तेव्हा निपाणीत राहत होतो, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. आप्पा वखारीत वजनकाट्यावर होते. घरी आले की अंगाला तंबाखूचा वास, आणि पहिली शिंक माझी. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन फिरताना तो अर्धा इंच उंच झाल्यासारखा चालायचा. काकाच्या लग्नाचं शूटिंग त्यानं घरचं कार्य म्हणून केलं होतं, आणि घरचंच कार्य म्हणून कॅसेटही एकच काढली होती. वरात घरी आल्यावर नव्या नवरीनं दारात नाव घेतलं. मग बायकांनी थोरल्या सुनेलाही पुढे ढकललं आणि आईनंही उखाणा घेतला. एरवी नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी यायचं नाही. ते त्या एका दिवशी आलं.

मला दहाव्या वर्षी दुसरंच वेड होतं. शेजाऱ्यांकडे केबल आली होती आणि त्यावर एक जुनं कार्टून कुटुंब यायचं. दगडाच्या घरात राहणारं, कातडी पांघरणारं, पायानं पळवायच्या गाडीतून फिरणारं. मी रोज शेजारच्या उंबऱ्यावर बसून ते बघायची, आत कुणी बोलवायचं नाही म्हणून उंबऱ्यावर. या कुटुंबाचा एक अख्खा सिनेमा आहे, हे मला बाजारातल्या व्हिडिओ लायब्ररीच्या काचेतून कळलं. कॅसेटच्या वेष्टनावर तोच ढेरपोट्या बाप लांब कोट घालून, टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. आमचा माणूस गुप्तहेर झाला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पांनी दोन दिवसांसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला. मोठ्या माणसांसाठी दोन सिनेमे आणि माझ्यासाठी हा. मी तो पहिल्या दिवशी तीनदा बघितला. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण गोष्ट कळत होती. एका गुप्तहेराला मार लागतो, तो हुबेहूब या बापासारखा दिसतो, म्हणून त्याच्या जागी याला पाठवतात. बायकोला काही सांगायचं नाही अशी अट. बायकोला वाटतं आपल्याला परदेश दाखवायला आणलंय, आणि हा दर खेपेला काहीतरी थाप मारून तिला एकटी बसवून जातो.

दुसऱ्या दिवशी सगळं परत करायचं होतं, आणि मी रडायला लागले. सिनेमा उतरवून घ्या म्हणून हट्ट धरला. उतरवायला दोन व्हीसीआर लागतात, आमच्याकडे भाड्याचा एक. शेवटी मामालाच दया आली. तो म्हणाला, टीव्हीसमोर कॅमेरा स्टँडवर लावू, दिसेल तसं घेऊ. पण कोरी कॅसेट त्याच्याकडे नव्हती. आई उठली, ट्रंकेतून काकाच्या लग्नाची कॅसेट काढून आणली आणि त्याच्या हातात दिली.

"आक्का, परत मिळायचं न्हाय बघ," मामा म्हणाला.

"न्हाय तर न्हाय. त्येंचं लग्न झालं, पोरगंबी रांगाय लागलं. आता परत परत काय बघायचं? घे ह्याच्यावर. पोरगी रडून लाल झालीया."

चुकून कुणी काही घेऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेचा तुकडा मामानं स्वतःच मोडून ठेवला होता. कॅसेट पुन्हा भरता यावी म्हणून त्या भोकावर आता त्यानंच चिकटपट्टी लावली. म्हणजे नजरचुकीनं झालं असं म्हणायलाही मला जागा नाही. पट्टीचा दुसरा तुकडा तोडून मीच त्याच्या हातात दिला होता. आई दिवसभर घरात बोलत असायची. माझ्याशी, म्हशीवाल्याशी, भांड्यांशी. तिचा आवाज जपून ठेवायची वस्तू आहे हे कुणाच्या डोक्यात येणार?

पुढच्या गणपतीत पुन्हा व्हीसीआर आला तेव्हा मी हौसेनं ती कॅसेट लावली. चित्रावर पट्टे पळत होते, टीव्हीच्या काचेत आमची ट्यूबलाइट दिसत होती. पाच मिनिटं बघून रागानं बंद केली आणि ट्रंकेत फेकली. नंतर कधी लावली नाही. आई गेल्यावर तर ती ट्रंक उघडायचीही मला भीती वाटायची.

तर आप्पांनी कॅसेट मागितली आणि मी आठवडाभर खोटं बोलले. सापडत नाही म्हटलं. ते रोज संध्याकाळी मशीनचा सेल काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे. मला ते बघवेना. एका सकाळी शाळेत शिकवायला निघायच्या आधी मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. आमच्या घरात गुन्हा हळू आवाजात कबूल करायची सोय नाही.

"आप्पा, त्या कॅसेटवर मी सिनेमा घेतलाय," मी ओरडून सांगितलं. शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर बंद झाला.

"सगळ्यावर?"

"न्हाय. निम्म्यावर. सुरवातीच्या."

त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना, आणि राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "नाव दारात घेतलंतं. वरात आल्यावर. म्हंजे शेवटाला. आसंल की मग." आणि पेपर उघडून बसले.

खडेबाजाराच्या मागच्या बाजूला जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर घालून देणारा एक माणूस आहे. त्यानं कॅसेट उजेडात धरली आणि फितीवरची बुरशी मला दाखवली. हमी देत नाही म्हणाला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, फीत वाचली. पण सुरवातीला दीड तास नुसतं कार्टून आहे, टीव्हीवरनं कॅमेऱ्यानं काढलेलं. ते उडवू का? नुसतं लग्न ठेवतो."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि लगेच परत लावला. "राहू दे ते," म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. ती कॅसेट आईनं मला दिली होती, एवढंच मनात आलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आप्पा इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसले. मी पेनड्राइव्ह लावला, कार्टून सगळं पुढे पळवलं आणि थेट लग्नावर आणलं. पंगती उठत होत्या. वरात निघाली. मग आमचं निपाणीचं दार, आंब्याचं डहाळं, आणि दारात नवरा-नवरी. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी आईला पुढे ढकललं. ती आत्ताच्या माझ्याहून लहान होती. तोंडावर पदर धरून हसत होती, मान हलवून नको नको म्हणत होती. मग तिनं पदर खाली घेतला आणि बोलायला लागली.

आणि मला एका हिंदी सिनेमातलं गाणं ऐकू आलं.

मामानं सबंध लग्नावर गाणी टाकली होती. तेव्हा सगळेच शूटिंगवाले टाकायचे, त्यात त्यांना मोठी कारागिरी वाटायची. आईचे ओठ हलत होते आणि वर कुणीतरी गायिका प्रियकराला बोलावत होती. आप्पा पुढे वाकले, कानातलं मशीन चाचपलं. "आवाज मोठा कर." मी केला. गाणं मोठं झालं. "आनखी." मी शेवटपर्यंत वाढवला. आईचा उखाणा संपला, बायका हसल्या, आईनं पुन्हा पदर तोंडावर घेतला.

"गाणं लावलंय व्हय," आप्पा म्हणाले.

म्हणजे मी पुसलं असं समजत होते ते त्या कॅसेटमध्ये कधी नव्हतंच. इतकी वर्षं मी ज्याचं ओझं बाळगलं तो गुन्हा माझा नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फक्त मामाचा राग आला, आणि मामाही आता नाही. आप्पा मागे टेकून बसले होते आणि त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे मला बघवत नव्हतं. मी पाणी आणायला आत गेले.

मी तांब्या घेऊन बाहेर आले तोवर लग्न संपून टीव्हीवर सगळं आपोआप पहिल्यापासून सुरू झालं होतं. पट्टे पळत होते, काचेत ट्यूबलाइट होती आणि तो ढेरपोट्या बाप कोट सावरत पळत होता. मी रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "ह्यो गाडी पायानं पळवणारा न्हवं? तू ह्येच्यापायी रडलीतीस."

मग आम्ही दोघं तो सिनेमा बघत बसलो. आवाज कमी करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. सिनेमाच्या आवाजामागे आमच्या जुन्या घराचे आवाज होते, कारण कॅमेऱ्यानं खोलीतलं सगळंच घेतलं होतं. पंखा कुरकुरत होता. मामा एकदा खोकला. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. मला हे ऐकू येतंय हे कळत होतं, पण त्याचा अर्थ अजून लागत नव्हता. पडद्यावर तो बाप पुन्हा थाप मारून सटकला, आणि त्याची बायको हॉटेलात मेणबत्तीसमोर एकटी बसून राहिली.

"अवं, बघा की. नटूनथटून बसलीया बिचारी, आन ह्यो बाबा गेला कुठं?"

आई कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसली असणार. आवाज इतका जवळून आणि इतका मोठा आला की मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आप्पा ताठ झाले. त्यांनी डाव्या कानावर तळहात धरला, मशीनभोवती.

"अवं, तुम्हीबी हातपाय धुवा. भाकरी निवाय लागलीया. किती बघणार आनखी ते—"

"आई, गप की गं. तुझा आवाज येतोय त्यात."

ती मी होते. पातळ, चिडका, लाडावलेला आवाज. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आई मध्येच थांबली. बांगड्या वाजल्या, बहुधा तिनं तोंडावर हात ठेवला असेल. मग नुसता सिनेमा. त्यापुढचा सगळा भाग मी नंतर दोनदा तपासला. ती तिथेच बसलेली आहे, कारण अधूनमधून बांगड्या वाजतात, पण पोरीनं सांगितलं म्हणून ती पुन्हा एकदाही बोलली नाही.

मला मान वर करता येईना. आप्पा खुर्चीच्या कडेला सरकले होते, कानावरचा हात तसाच. ते माझ्याकडे बघत नव्हते. टीव्हीकडे, त्या पट्ट्यांकडे बघून, त्या दहा वर्षांच्या पोरीला म्हणाले, "बोलू दे की गं तिला."