आतून न उघडणारा डबा

कात्रजचा बोगदा मागे पडेपर्यंत माझी नजर रस्त्यापेक्षा आरशातच जास्त होती. जीपच्या मागे आमचा डबा डुलत येत होता. पूर्वी तो एका मंडपवाल्याचा होता. लग्नाच्या गाद्या नि दिव्यांच्या माळा वाहणारा दोन चाकांचा बंद ट्रेलर. निवृत्त झाल्यावर मी तो घेतला, आत झोपायला दोन बाकं, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. आता त्यातून सातारा-सांगली फिरायचं होतं.

बायकोला, नलिनीला, फिरायचं होतं. डब्यात झोपायचं नव्हतं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ती एकदा अडकली, तेव्हापासून बंद जागेत तिचा जीव घाबरा होतो. तिची अट साधी होती. या सफरीत तिला डब्यात एकदा तरी शांत झोप लागली पाहिजे. नाहीतर सांगलीहून ती एसटीने घरी जाणार आणि डबा विकायचा. मी हो म्हणालो, कारण दुसरा इलाज नव्हता.

माझी काळजी वेगळी होती. उभी हयात मी विम्याच्या नोकरीत चोरीचे दावे तपासले. कुणी नमस्कार केला तरी याला काय हवं असेल, हेच आधी मनात येतं. डब्याच्या दाराला मंडपवाल्याची कडी तर अशी की कुणी जोरात शिंकलं तरी निघावी.

म्हणून पहिला मुक्काम उंब्रजला, एका वेल्डिंगच्या दुकानापाशी. फिटर पान चघळत डब्याभोवती फिरला.

"सायेब, ही कडी कशाला ठिवलीया? जाड पट्टी टाकतो. बोल्ट आरपार घालतो, भायेरनं नुसती गुळगुळीत डोकी दिसत्याल. कुणाच्या बापाला निघायचं न्हाई."

कुलूपही त्यानेच दाखवलं. दाबलं की बसणारं. किल्ली फक्त उघडायला. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात होता आणि माझे डोळे त्या हातावर. साबणावर किल्लीचा ठसा घेऊन केलेल्या चोऱ्या मी काय थोड्या पाहिल्यात? त्याने जुडगा खिशात टाकला तसा मी तो मागून घेतला.

"घ्या की. मला काय करायच्यात?" तो हसला. मग आत डोकावून म्हणाला, "वैनी, जरा आतनं पान्यानं नट धरा, म्या भायेरनं बोल्ट ठोकतो."

नलिनी आमच्याच हत्यारांच्या पेटीतला पाना घेऊन आत बसली. मी किल्ल्या मोजत बाहेर उभा होतो.

मल्हारपेठेवरून पाटणला पोचलो तेव्हा डोंगरांच्या सावल्या उसावर आल्या होत्या. रस्त्याकडेला एका निवृत्त सुभेदारांचं शेत होतं. गाडी लावू का विचारलं, तर ते आधी कुलपाकडे बघत राहिले.

"आत माल काय हाय?"

"माल नाही. आम्ही राहतो त्यात."

"ऱ्हाता? मग येवढं कुलूप भायेरनं कशाला?"

संशय घेणं हा माझा प्रांत; दुसऱ्याने माझा घेतलेला मला अजिबात आवडला नाही. पण त्यांनी आत डोकावून बाकांखालीसुद्धा पाहिलं, तेव्हाच जागा दिली. पुढे तासभर एक मोटारसायकलवाला आमच्याभोवती घिरट्या घालत होता. मी काठी घेऊन उतरलो. तो सुभेदारांचा पुतण्या निघाला. नाचणीची भाकरी आणि कालवण (रस्सा) घेऊन आला होता, आणि एवढं कुलूप बघून हाक मारावी की नाही या विचारात पडला होता. कालवण झणझणीत होतं. मी खाली मान घालून जेवलो.

नलिनीला झोप नव्हतीच. दाराला आतून काही नसल्यामुळे मी ते नाडीने बांधलं होतं. ती बसून पेंगत होती, हात त्या नाडीवर. मला तिची कीव आली आणि स्वतःचा रागही आला. घर सोडून मी हिला हे कसलं सुख दाखवतोय, असं वाटलं.

तरी सकाळी पाटणच्या बाजारात मी हवेच्या झरोक्याला बारीक जाळी बसवून घेतलीच.

"डास येतात," मी म्हणालो.

"डासांना वेल्डिंग लागतं का हो?" नलिनीने विचारलं.

कऱ्हाड, विटा मागे पडलं आणि ऊस संपला. खानापूरचा माळ लागला. कुसळं, बाभळी आणि अंगावर येणारा वारा. तिथे हौसाबाई नावाच्या बाईंच्या रानात उतरलो. घराणं मेंढपाळांचं, आता डाळिंबंही लावलेली. बाईंचा दीर मेंढरं घेऊन लांब गेलेला. थोडी कोकरं मागे होती, ती वाघरेत (मेंढरांभोवती रोवायच्या जाळीत) उड्या मारत होती. बाईंनी आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम पेय) दिलं, आणि डबा कितीला घेतला, पोरं कुठं असतात, घरी कोण आहे, सगळं विचारलं. घरी कोण आहे? हा प्रश्न ऐकून मी सावध झालो. किल्ल्यांचा जुडगा डब्यातल्या तांदळाच्या बरणीत खोल खुपसला आणि नलिनीच्या कानात सांगून ठेवलं.

दुपारी ती म्हणाली, "दार उघडं ठेवून जरा पडते." मी कुलूप उघडंच कोयंड्यात अडकवलं आणि विहिरीवर पाणी आणायला गेलो.

परत आलो तर दार बंद. पट्टी कोयंड्यावर आणि कुलूप दाबलेलं. आतून नलिनीचा आवाज येत होता, "अहो! अहो!"

माझ्या हातातली कळशी पडली. हौसाबाई बाभळीखाली दाणे निवडत बसल्या होत्या.

"कुणी लावलं हे?"

"म्याच की. वैनी निजल्याली, दार सताड उघडं. कुत्री शिरत्यात. म्हनून दाबलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" मी ओरडलो. "काय हेतू काय तुमचा?"

"आवं दादा, उघड्या दारी मानूस निजलं तर शेजाऱ्यानं कडी घालायची न्हाई व्हय? आमच्यात समदी घालत्यात. उठलं की हाक मारायची. किल्ली आना, उघडा."

किल्ली तांदळात. तांदूळ आत. झरोक्याला मीच जाळी मारलेली, तिच्यातून काडीसुद्धा बाहेर येईना. मी दगड उचलून कुलपावर घालू लागलो, कुलूप ढिम्म. प्रत्येक घावाबरोबर आत पत्रा घुमत होता. ती आत गुदमरतेय आणि हे सगळं मी माझ्या हाताने केलंय, एवढंच मला कळत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अहो, आधी ते ठोकणं थांबवा!" नलिनीचा आवाज कापत होता, पण चढा होता. "माझं डोकं फुटेल. नट आतल्या बाजूला आहेत."

"कसले नट?"

"उंब्रजला मीच धरले होते ना! तुम्ही त्या माणसाच्या खिशाकडे बघत होतात."

मग पेटी सरकल्याचा आवाज आला. पाना फिरू लागला. मध्येच थांबे, तिचा मोठा श्वास ऐकू येई, पुन्हा फिरे. हौसाबाई दाराला तोंड लावून म्हणत होत्या, "फिरवा वैनी, फिरवा. म्या हितंच हाय." शेवटी बोल्ट सुटले, पट्टी दारापासून सुटून कुलपासकट कोयंड्याला लोंबकळली आणि दार उघडलं. नलिनी घामाने भिजलेली, केस विस्कटलेले, हातात पाना. ती माझ्याकडे न बघता हौसाबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

सांगलीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी धास्तावलो, तिकिटाचा विचार चालला असणार. विश्रामबागेत ती म्हणाली, "थांबवा." एसटी स्टँड तर पुढे होता. समोर कुलपांचं दुकान होतं.

"आतनं किल्लीशिवाय उघडतं असं कुलूप बसवा," तिने दुकानदाराला सांगितलं. "बाहेरची पट्टी नको."

बसवून झाल्यावर ती एकटी आत गेली, दार ओढलं, मूठ फिरवून बाहेर आली. मग मला म्हणाली, "आता तुम्ही."

मी आत बसलो. तिने बाहेरून किल्ली फिरवली. काळोखात पत्र्याचा वास येत होता. मूठ हाताशी आहे हे माहीत असूनही माझ्याने ती सोडवेना. पाटणला तिचा हात नाडीवर का होता, ते मला तिथे समजलं. मी बाहेर आलो, तर तिने दोन्ही किल्ल्या आपल्या पर्समध्ये टाकल्या होत्या.

"एसटी?" मी विचारलं.

"आधी त्या बाईंकडे चला. तुम्ही माफी मागायची राहिलीय."

आम्ही परतीची वाट माळावरून धरली. मी माफी मागितली. हौसाबाई म्हणाल्या, "राग कसला, दादा? कुलूप तुमचं, दाबलं म्या." आणि पुन्हा माडगं ओतलं. माझा स्वभाव काही पालटलेला नाही. आजही हॉटेलात जीप दिसेल अशीच खुर्ची मी धरतो. पण चोर आत येऊ नये म्हणून एवढी खटपट करताना, आतल्या माणसाला बाहेर यायचं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर नलिनी डब्यात जाऊन पडली. कुत्री उन्हातून सावलीकडे सरकत होती. हौसाबाई उठून दारापाशी गेल्या. मीही अर्धा उठलो होतो.

"वैनी, दार लावू का वो?"

आतून मूठ एकदा फिरवल्याचा आवाज आला. मग नलिनी म्हणाली, "लावा."

दार लागलं. मी बाभळीखाली कान देऊन बसून राहिलो. थोड्या वेळाने आतून तिचं घोरणं ऐकू यायला लागलं.