बोनेटवरचा पेला

जगातली बंद पडलेली कुठलीही वस्तू दुरुस्त होऊ शकते, आणि चालू असलेली तर हमखास होऊ शकते, या एका श्रद्धेवर आमच्या साडभाऊंनी अख्खं आयुष्य काढलं. देवावर त्यांचा विश्वास होता की नाही, मला माहीत नाही. गणपतीच्या आरतीला ते टाळ्या वाजवत पुढे उभे असत, पण नजर मूर्तीवर नसे. मूर्तीमागच्या लुकलुकत्या दिव्यांच्या माळेवर असे. प्रसाद हातावर पडायच्या आत ती माळ त्यांच्या मांडीवर उघडी झालेली असे, आणि पुढचे दिवस गणपती बिचारा समईवर भागवून घेई.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही विदर्भातून भिलाईला आलो ते पोलादाच्या नोकरीसाठी. ते रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला, मी स्टोअर्सला. म्हणजे यंत्रं उघडायची त्यांनी आणि त्यांचे सुटे भाग सांभाळायचे मी. कुठला पार्ट कुठल्या रॅकवर आहे हे मी झोपेतसुद्धा सांगेन. तो कशासाठी असतो असं मात्र कृपा करून विचारू नका. त्यातून मी स्वभावानं अपराधी. गुन्हा केलेला नव्हे, न करताच ओशाळणारा. बसमध्ये दुसऱ्याचा बूट माझ्या पायावर पडला की 'सॉरी' मी म्हणतो. अशा माणसानं खोटं बोलू नये, कारण त्याला ते पेलत नाही. तरी गेली दिवाळी होऊन दुसरी यायला आली, मी एक खोटं रोज बोलतोय. आमच्या क्वार्टरसमोर गुलमोहराखाली एक दुधी रंगाची जुनी गाडी उभी आहे आणि तिच्या स्टिअरिंगला लाल पत्र्याचा तुकडा लटकतो आहे. 'गाडी चालवत का नाही?' असं कुणी विचारलं की मी सांगतो, 'पार्ट मिळत नाही.' ते खरं नाही. खरं काय ते आज लिहूनच टाकतो. बायकोनंही इथंच वाचावं. तोंडानं सांगायची हिंमत मला काही व्हायची नाही.

आधी तो पत्रा. प्लांटात कुठलंही यंत्र दुरुस्तीला घेतलं की मेंटेनन्सवाला त्याची वीज तोडतो आणि स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावतो. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. जनरल मॅनेजर येवो नाहीतर भोपाळहून मंत्री येवो, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. साडभाऊ एरवी हसतखेळत बोलायचे, पण हे सांगताना आवाज खाली यायचा. "टॅगच्या मांगं मानूस असते, साडभाऊ. तुमी टॅग काढला म्हंजे आत मानूस नाही असं तुमी म्हनता. अन् असला तं?" हे साडभाऊ म्हणणं आमच्यात दोन्हीकडून चालायचं, त्यामुळे आमची वादावादी भिंतीपलीकडच्यांना एकट्या माणसाची बडबड वाटत असणार.

प्लांटातला नियम त्यांनी प्लांटात ठेवला असता तर तक्रार नव्हती. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, लाल रंगवून, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'काम चालू है, हाथ मत लगाओ' असं लिहून एक टॅग घरीही आणला. तो मिक्सरवर लागला, शिलाई मशीनवर लागला, न्हाणीघराच्या नळावर लागला. एकदा मे महिन्यात पंखा उघडायला म्हणून त्यांनी घराच्या मेन स्विचलाच तो लावला आणि तेवढ्यात मिलमध्ये ब्रेकडाऊन झाला म्हणून जीप घ्यायला आली. साडभाऊ गेले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, आणि मुलं डोक्यावर ओले टॉवेल घेऊन व्हरांड्यात बसली. शेजारचे फोरमन तरातरा मदतीला आले, मेन स्विचपर्यंत गेले, टॅग बघितला आणि मागं सरले. "वहिनी, टॅग साहेबाचा हाय. तुमी आमच्या घरी येऊन बसा." संध्याकाळी साडभाऊ परत आले ते विचारतच, "कोनी हात तं नाही ना लावला?" ताई म्हणाल्या, "माह्या हाताले तुमी भेटले असते तं तुमाले लावला असता."

अशा माणसाशी नातं असताना मी जुनी गाडी घेतली. माझ्या मूर्खपणाचे नमुने मागितलेत तर हा सगळ्यात वर ठेवीन. एका निवृत्त साहेबांची ती गाडी. चालताना सज्जन. पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, नुसतं उभं राहायची वेळ आली, की ती अंगभर थरथरायची, दोन आचके द्यायची आणि डोळे मिटायची. यावर मी माझ्या बुद्धीनं तोडगा काढला: उभंच राहायचं नाही. बायकोला मी चालत्या गाडीत चढायला-उतरायला शिकवलं. भाजी घ्यायची तर भाजीवाल्याभोवती घिरट्या घालायचो. एका फेरीला भाव विचारायचा, पुढच्या फेरीला वांगी घ्यायची, त्याच्या पुढच्या फेरीला विसरलेली कोथिंबीर. सेक्टरमधले रुंद रिकामे रस्ते असेपर्यंत हे निभलं. पण सुपेल्याचं रेल्वे फाटक कुणाला चुकलंय? तिथं थांबलो की गाडीबरोबर आम्ही दोघंही हलायचो, बायकोच्या बांगड्या वाजायच्या. शेजारच्या रिक्षावाल्यानं एकदा मनापासून विचारलं, "गाड़ी ला जर धर लिस का, साहेब?" गाडीला ताप भरला का, म्हणत होता. मी त्यालाही 'सॉरी' म्हणालो.

साडभाऊंना हे कळलं आणि माझे रविवार संपले. सकाळी चहाच्या आधी स्कूटर यायची. मग मी गाडी सुरू करायची आणि त्यांनी बोनेटवर डोकं टेकवून, डोळे मिटून ऐकायचं. "थ्रॉटलवर काजळी बसून राहिली," हे निदान दर आठवड्याला नव्यानं व्हायचं. हवा आत सोडणारी एक चकती असते, नाण्याएवढी. आपण पाय दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. आणि तिच्या कडेला काजळी धरली की मिटताना नीट मिटत नाही, म्हणून गाडी अडखळते. एवढं मला आता कळतं. तेव्हा मी फक्त वाटी धरून उभा असायचो. किल्ली त्यांच्या खिशात जायची, टॅग स्टिअरिंगला लागायचा, कार्बोरेटर बाहेर यायचा आणि बायकोच्या श्रीखंडाच्या वाटीत पेट्रोल ओतलं जायचं. माझा दाढीचा ब्रश, माझा टूथब्रश, माझा बनियन, सगळं त्या चकतीच्या सेवेला लागलं. जेट नावाच्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात ते गाल फुगवून फुंकायचे. "तार नाही घालाची कधी. भोक मोठं होते. फुंकाचं, पोराच्या डोळ्यात कचरा गेल्यावर फुंकते ना मानूस, तसं." गॅस्केट, म्हणजे सांध्यातला कागद, फाटलं तर नवीन गॅस्केट लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापायचं. आमच्या भाच्याचं शुभमंगल असं त्या इंजिनात दोनदा लागलं. शेवटी सगळं जोडून, एक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करून ते काचेचा पेला काठोकाठ भरून बोनेटवर ठेवायचे. गाडी चालू आणि पेल्यातलं पाणी स्थिर, अशी परीक्षा. पाणी हलायचं. "सुधरली पन," असं म्हणून ते त्यातलंच पाणी पिऊन टाकायचे आणि टॅग काढायचे. गाडी मंगळवारपर्यंत बरी राहायची.

मी या रविवारांना कंटाळलो होतो. एकदा स्कूटरचा आवाज ऐकून न्हाणीघरात जाऊन बसलो. बायकोनं सांगितलं, 'आंघोळीला गेलेत.' बाहेरून आवाज आला, "होऊ द्या ना बावा, मी बसतो." ते बसले. आत मी दोनदा आंघोळ केली, बायकोची धुणी धुतली, फरशी घासली. बाहेर आलो तेव्हा सर्दी झाली होती आणि टॅग लागलेला होता. लोकांना मी हे किस्से रंगवून सांगायचो. स्टोअर्समध्ये तर त्यांची नक्कल करायचो, गाल फुगवून. लोक हसायचे. मला वाटायचं, ते साडभाऊंना हसतात.

मग साडभाऊ रिटायर झाले. आमच्याकडे रिवाज असा, की शेवटच्या दिवशी हार घालून, शाल देऊन, शॉपची, म्हणजे त्याच्या खात्यातली, सगळी माणसं निवृत्त माणसाला घरापर्यंत पोचवतात. शॉपनं जीप सजवून ठेवली होती. साडभाऊ म्हणाले, "जीप नको. मी साडभाऊच्या गाडीनं जाईन. माह्या हातची आयडलिंग आहे तिची." आयडलिंग म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू राहणं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं. पुढच्या सीटवर गळाभर झेंडू घालून साडभाऊ, मागं ताई आणि माझी बायको, आणि आमच्या मागं स्कूटर-सायकलींची मिरवणूक. निघालो तेव्हा गाडी गुणी होती. चौकात आलो आणि पहिली पाळी सुटली. सायकलींचा तो लोंढा ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. त्यातून उंदीर जायचा नाही. पाय उचलावा लागला. गाडी थरथरली, साडभाऊंच्या गळ्यातले झेंडू थरथरले, दोन आचके, आणि गप्प. मागं सगळी रोलिंग मिल उभी.

कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. साडभाऊ उतरले आणि त्यांनी बोनेट उघडलं. मागून कुणी म्हणालं, "साहब, आज तो रहने दीजिए, हम धक्का मारते हैं." ते म्हणाले, "आज ही तो करना है." हार इंजिनावर लोंबत होते. त्यांनी एअर फिल्टर उचलला, खिसे चाचपले, रुमाल नव्हता. मग खांद्यावरची शाल काढली, तासाभरापूर्वीच पांघरलेली, आणि तिचं टोक आत घालून ती चकती पुसली. काळीभोर काजळी शालीवर आली. ताई मागून "अहो, शाल!" म्हणाल्या, तेवढंच. गाडी सुरू झाली. आम्ही घरी पोचलो, पेढे वाटले गेले, भाषणं झाली.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. सगळं पहिल्यापासून उघडलं, धुतलं, फुंकलं, जोडलं. पेला ठेवला. पाणी हललं. या वेळी 'सुधरली' म्हणाले नाहीत. वाकून त्या पाण्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जेट गेला हिचा. सुपेल्यात भेटते ते डुप्लिकेट. मी नागपूरहून आनतो अस्सल. तवरक चालवाची नाही." आणि टॅग तसाच ठेवून गेले. क्वार्टर सोडायचं होतं, पोरानं नागपूरला घर बघितलं होतं. ट्रकमध्ये सामान चढवतानाही मला बजावलं, "काढजा नका, हं." पेला त्यांनी धुऊन बायकोच्या हातात दिला.

ते आले नाहीत. पहिल्यांदा नातू आजारी होता, मग ऊन होतं, मग गुडघे. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून फोन करतो. ताई आधी घेतात आणि हळू आवाजात सांगतात, की डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, जिना उतरणंही होत नाही. मग ते फोन हिसकावून घेतात. "टॅग आहे ना?" "आहे." "जेट पाहून ठेवला मी. येतोच."

आता कबुली. तो जेट मी केव्हाच विकत घेतला आहे, तोही सुपेल्यातूनच, पण अस्सल, डबीत बंद. माझ्या टेबलाच्या खणात, पोस्टाच्या पाकिटांखाली आहे. बसवायला दहा मिनिटं लागतील असं मेकॅनिक म्हणाला. मी त्याला घरापर्यंत आणलं, चहा पाजला आणि परत पाठवलं.

गेल्या रविवारी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, "एकतर तो टॅग काढा, नाहीतर गाडी विका." तिनं गिऱ्हाईकही आणलं. जामुलचे एक ठेकेदार, आधी प्लांटातच होते. त्यांनी टायरवर लाथ मारून बघितली, गाडी पसंत पडली. दार उघडून आत बसले, स्टिअरिंगकडे हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"टैग किसका है?"

"मेरे साढ़ू भाई का."

"कहाँ हैं?"

"नागपुर."

"तो पहले उनको बुलाइए, साहब." असं म्हणून ते उतरले, दार हलकेच लावलं आणि चहा न घेता निघून गेले. "सगळे एकजात मेंटेनन्सवाले," असं म्हणून बायको आत गेली, आणि मला वाटतं, आत जाऊन तिनं डोळे पुसले. मीही ओशाळलो, नेहमीप्रमाणे, पण नक्की कुणासमोर ते कळलं नाही.

दुपारी बूथवर गेलो. आज विचारायचंच, असं ठरवून गेलो.

"साडभाऊ, टॅग काढू का?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. त्याचंही काहीतरी बिघडलं असावं, आणि त्यांनी तो उघडला नव्हता.

"कावून?" ते म्हणाले. "कोनी चालवून राहिलं काय?"

"नाही नाही. सहज विचारलं."

"मग राहू द्या ना. मी येतो. पाऊस सरू द्या जरासा."

"या. सावकाश या."

"पेला ठेवून पाह्यता का नाही?"

हेही आता लिहूनच टाकतो. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, मी तो पेला काठोकाठ भरतो, बोनेटवर ठेवतो आणि त्याच्याजवळ थोडा वेळ उभा राहतो.

"ठेवतो ना. आज सकाळीच ठेवला होता."

"पानी हलते?"

"नाही, साडभाऊ. थेंबभरसुद्धा नाही."

"पाहा!" त्यांचा आवाज एकदम मिलमधल्यासारखा चढला. आत ताईंना ऐकू जाईल असं ते ओरडले, "अवो, पानी नाही हलत म्हन्ते!"

गाडी चालू होती की बंद, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.