डबा सांगणाऱ्या पार्बताबाई

पार्बताबाई कुणाच्याही घरात शिरल्या, की रामराम राहिला बाजूला, आधी खणखणीत आवाजात विचारायच्या, "लेकरू किती खेपा मुतलं?" मग समोर जावई बसलेला का असेना! धरमपेठेतल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं या नर्सबाईंच्याच हातांत जन्मली होती. लाजायचं कुणी? मूळच्या भिवापूरच्या, आणि जीभही तिकडच्या मिरचीचीच.

सुमा झाली आणि मला दूधच येईना. मेथीचे लाडू झाले, शतावरी झाली, पोर आपली भुकेनं टाहो फोडतेच आहे. पार्बताबाईंनी सरळ डब्याचं दूध आणायला लावलं. सासूबाईंनी नाक मुरडलं, तर म्हणाल्या, "उपाशी लेकरू आईच्या नावानं जगत नाही, आजी." सुमानं छान बाळसं धरलं.

पाचव्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पोर वाळायला लागली. माठापासून हलेना, अंथरूण रोज ओलं. म्हणून खाटेखाली भांडंच ठेवलं. आम्ही म्हटलं, ऊन बाधलंय. मग काय, संत्र्याचा रस आणि ग्लुकोजचं पाणी, दर तासाला! आग्रह करकरून मीच पाजत होते. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दुपारी सुमा झोपली होती. पार्बताबाई आल्या, नेहमीचा प्रश्न विचारला. "मोजायचं कुणी? दिवसभर तेच चाललंय," मी हसत म्हटलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या हातातला ग्लुकोजचा ग्लास हिसकून त्यांनी मोरीत ओतला. पिशवीतून काचेची नळी काढली, निळ्या औषधात भांड्यातल्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्टोव्हवर धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, बघता बघता विटकरी झालं.

"साखर हाये वं लघवीत! उठव तिले!"

सुमा उठेना. श्वास खोल चाललेला, आणि त्याला उतरलेल्या फळाचा वास. सायकलरिक्षात वाटभर पार्बताबाई तिच्या गालावर चापट्या मारत ओरडत होत्या, "निजू नको, पोट्टे! डोये उघड!" मी नुसती देवाचं नाव घेत बसले होते.

तिसऱ्या दिवशी सुमानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, आता जन्मभर रोज इन्शुलिनची सुई, आणि ती घरी आईनंच द्यायची. सासूबाई वॉर्डात सगळ्यांदेखत कडाडल्या, "हिच्या त्या डब्यानं नासवलं माझ्या नातीला!"

पार्बताबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "डबा मी सांगतला होता. मले बोला. तिले बोलान त तिचा हात थरथरन. मंग पोरीले सुई कोन देईन? तुमी?"



सुई मी दिली, रोज दिली. पण मनातला किडा काही मरेना. नोकरी संपवून पार्बताबाई भिवापूरला निघाल्या, तेव्हा सुमा सातवीत होती. निरोप घ्यायला गेले आणि विचारलंच, "खरं सांगा, डब्यानंच झालं का हो?"

"माहीत नाही वं. डाक्टरलेई माहीत नाही. अंगावर पेलेल्या लेकरायलेई होते." बांधलेल्या वळकटीवर त्या मटकन बसल्या. "पन मलेई भेव बसला होता. सुमाच्या बादमंदी एका बाईले दूध नव्हतं, तरी मी डबा नाही सांगतला. अंगावरच पाज, अंगावरच पाज, म्हनत राह्यली. ते लेकरू भुकेनं गेलं."

सात वर्षं मी माझीच जखम कुरवाळत बसले होते. या बाईंना एकदाही विचारलं नव्हतं, तुमचं कसं काय म्हणून.