संगे कोन शे?

नरडाण्याच्या आमच्या कारखान्यात नवीन मशीन यायचं होतं. ते शिकायला मला जर्मनीला पाठवलं. रविवारी सुट्टी होती. हॉटेलवाली 'किल्ला बघाच' म्हणून मागेच लागली, तेव्हा एकटाच गाडीत बसलो. किल्ला पाहिला. खाली नदी होती. सगळं चांगलंच होतं, पण आत काही हललं नाही. दुसऱ्या कुणाचं काम उरकावं तसा मी फिरत होतो. सवयीनं एक फोटो घरी पाठवला. लगेच मायचा फोन. किल्ल्याचं तिनं नावही काढलं नाही, सोबत कोण आहे तेवढंच विचारलं.

"संगे कोन शे?"

आमच्याकडे फिरायला कुणी एकटं जात नाही. एकटा माणूस दिसला की घरात काहीतरी बिनसलंय, असंच धरतात.

"बठ्ठा शेतस, माय," सगळेच सोबत आहेत असं मी ठोकून दिलं.

"मंग बठ्ठासले सांग, हिवाळामा आपला वावरमा भरीत खावाले या."

"सांगस," म्हणून फोन ठेवला. बाकावर शेजारी एक म्हातारा पाव खात बसला होता. त्याच्याकडे न बघताच मी मोठ्यानं म्हणालो, "भरीत खावाले या."

त्यानं पाव अर्धा मोडून माझ्यापुढं धरला.